चहा झाला की बघू

परवापासून रस्त्यावर ऊस दिसायला लागलाय. शेतात नव्हे, शेतात तो असतोच, डांबरावर. ट्रॉलीतून निसटलेली दोन-चार कांडी, त्यांच्यावरून चाकं जाऊन झालेला चोथा आणि त्या चोथ्यावर घोंगावणाऱ्या माश्या. शेवगावहून नगरला जाताना अमरापूरच्या अलीकडे मला हे दिसलं आणि माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. गाडीला काही झालं नव्हतं. पण माझी नजर रस्ता सोडून डॅशबोर्डवरच्या आरपीएमच्या काट्यावर गेली. शेजारी बसलेले दादा म्हणाले, "काटा जाग्यावर हाय. तू म्होरं बघ."

हंगाम सुरू झाला म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, थंडी आठवते, कारखान्याच्या बाजूने येणारा मळीचा आंबूस वास आठवतो. मलाही हे सगळं आठवतं, नाही असं नाही. पण सगळ्यात आधी आठवते ती एक शांतता. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतं ना, तेव्हा काहीच आवाज होत नाही हो. धाड नाही, खाड नाही. रेडिओवर गाणं चालूच असतं, पंखा वारा मारत असतो, गाडीही आपल्या वेगात पुढे जात असते. फक्त पायाखालची थरथर गेलेली असते आणि स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड होतं. गाडी मेली आहे हे कळायलाच क्षणभर जातो. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात मी तो क्षण इतक्यांदा अनुभवला, की अजून स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला तरी माझा हात किल्ली शोधतो.

दादा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर एसटी चालवली त्यांनी. पाथर्डी, पैठण, नगर, पुणे; घाट, पूर, जत्रा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आता ते डाव्या सीटवर बसतात आणि हे त्यांना आजही जमलेलं नाही. मी क्लच दाबला की त्यांचा पाय खालची चटई दाबतो. मी ब्रेकला उशीर केला की त्यांच्या तोंडून "हं हं हं" असा आवाज येतो. किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई रडायला लागली, आणि हा गृहस्थ डॉक्टरांना म्हणाला, "म्हंजी इंजिन चांगलं हाय, फिल्टर गेलेत." डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मंगळवार आणि शुक्रवार. शेवगावात नंबर लागत नव्हता, म्हणून नगरला. सुरुवातीला एसटीने गेलो. ते तर त्यांचं माहेरच. पण मशीनवरून उठल्यावर त्यांना उभं राहवत नसे, दरदरून घाम फुटे. एकदा ते तीन माणसांच्या सीटवर आडवे पडले आणि ओळखीच्या कंडक्टरने त्यांच्यावर आपला स्वेटर घातला. घरी आल्यावर दादा म्हणाले, "मला परत एसटीत नेऊ नको. त्या गाडीत मी झोपून गेलेलो न्हाई कवाच." मग त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली जुनी पांढरी गाडी बाहेर निघाली. मी कॉलेजात ग्रंथपाल, शेवगावातल्या शेवगावात स्कूटीवर फिरणारी बाई. तिची हायवेवरची ड्रायव्हर झाले. लहान भाऊ पुण्यात. तो फोनवरून चालवायचा.

आणि मग ऊस आला, आणि गाडी बंद पडायला लागली.

पहिल्यांदा बंद पडली ती करंजीच्या घाटात, नगरहून परतताना. मागे ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, प्रत्येकावर कर्ण्यातून वेगळंच गाणं. मी गाडी कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली की नुसतं खर्र खर्र. पेटायचं नाव नाही. दादा सीट मागे करून पडले होते, ओठ पांढरे. मी बॉनेट उघडून आत बघत उभी राहिले. काय बघत होते कुणास ठाऊक. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नुसतं उभं राहण्यापेक्षा बॉनेट उघडून उभं राहणं जरा शहाणपणाचं दिसतं. बऱ्याच वेळाने पुन्हा किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या फटक्यात सुरू! जसं काही झालंच नव्हतं. मला तिचा इतका राग आला की मी दार आपटून घेतलं.

वाटेत तिसगाव लागतं. तिथे रस्त्याकडेला रफिकभाईंचं गॅरेज. दादांची आणि त्यांची ओळख जुनी, डेपोच्या काळातली. गाडी लावली, बॉनेट उघडलं. रफिकभाईंनी हात पुसत पुसत आधी दादांना खुर्ची दिली. "या ड्रायव्हरदादा. ताई, बसा. गाडीला जरा वारा लागू द्या. चहा झाला की बघू."

आमच्याकडे कुणाकडेही कामाला जा, काम आधी काढायचं नसतं. आधी "बसा". मग पाण्याचा तांब्या. मग ज्वारी कशी आहे, कांद्याचं काय, पोरगं कुठं असतं. मग टपरीवरच्या माणसाला हाक. तो "आलो आलो" म्हणतो आणि येत नाही. मग चहा. चहा यायच्या आत जो कामाचं बोलतो तो एक तर पुण्याचा, नाही तर घमेंडखोर. मी दोन्ही नव्हते, म्हणून बसले. आणि खरं सांगायचं तर त्या चहाला नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं असतं, कारण तो दादांचा चहा होता.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं. तहान लागली की बर्फाचा खडा चघळायचा, लिंबाची फोड जिभेला लावायची. दादा जन्माचे चहाबाज. स्टँडा-स्टँडावरचा चहा प्यालेला माणूस. घरी आई त्यांना औषधापुरतं पाणी द्यायची आणि चहाच्या वेळेला स्वतःही चहा करत नसे, वास यायला नको म्हणून. मशीन झालं की त्या दिवशी अर्धा कप चालेल, असं नर्सबाईंनी मोठ्या मनाने सांगितलं होतं. तो अर्धा कप दादा रफिकभाईंच्या गॅरेजात प्यायचे. दोन्ही हातांत धरून, आधी वास घेऊन, मग इतका हळू की मला वाटायचं वाटीतून पक्षी पाणी पितोय. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की मला गाडीबिडी काही आठवायचं नाही.

चहा संपला की रफिकभाई गाडीला हात लावायचे. किल्ली फिरवली की गाडी सुरू. त्यांनी फेरी मारून आणली, स्टँडापर्यंत, पुढे शाळेपर्यंत. मक्खन. बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला, त्यात काहीच उमटेना. "ताई, काय बी न्हाई हिच्यात," ते म्हणाले. दादा खुर्चीतूनच म्हणाले, "पेट्रोलात कचरा आसल. फिल्टर बघ." दादांचा शब्द मोठा. रफिकभाईंनी फिल्टर बदलला. पुढच्या शुक्रवारी गाडी मेहेकरीच्या पुढे बंद पडली.

मग प्लग बदलले. बॅटरीची टोकं घासली. पेट्रोलच्या पंपाचा रिले बदलला. दर वेळी तेच: रस्त्यात गाडी मरायची, आम्ही बसून राहायचो, ती जिवंत व्हायची, तिसगावला यायचो, "चहा झाला की बघू", आणि चहा झाला की हिला काहीही झालेलं नसायचं. एखादं पोर शाळेत जाताना पोट धरून लोळावं आणि डॉक्टरांच्या दारात हुंदडायला लागावं, तसला प्रकार. हळूहळू मला वाटायला लागलं की लोक माझ्याकडेच बघतायत. भाऊ पुण्याहून म्हणाला, "ताई, तू क्लच नीट सोडत नसशील." मी म्हटलं, "ये आणि तू सोड." माझा मामा घोडेगावच्या बाजारात जनावरांचे सौदे करतो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पायाने टोकरलं आणि म्हणाला, "वने, इकून टाक. गिऱ्हाईक मी आनतो. सकाळच्या पारी, गारठ्यात दाखवू, न्हाई बंद पडत." मी त्याला हाकलून दिलं. काय बोलून गेला बाबा, ते तेव्हा लक्षात आलं असतं तर पुढचं पुष्कळ वाचलं असतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली, लिंबू-मिरची बांध. आमच्या घरात असलं काही चालत नाही. डॅशबोर्डवर बोटभर बुद्धमूर्ती आहे, ती शांततेसाठी; ती गाडी चालवते असं आमचं म्हणणं नाही. दादा काकूंना म्हणाले, "लिंबानं गाडी चालती व्हय? मग पंपावर लिंबंच भरू की." सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगते, पुढच्या मंगळवारी स्टँडवर लिंबू-मिरची विकणारी बाई दिसली तेव्हा माझा हात पर्समध्ये गेला होता. शिकल्या-सवरलेल्या बाईची ही गत. भीतीला शिक्षण कळत नाही. मी हात बाहेर काढला आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या.

भीती नुसती रस्त्याची नव्हती. दादांच्या डाव्या मनगटाजवळ डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे. तिथे बोटं ठेवली की आतून बारीक घरघर लागते, आणि ती लागलीच पाहिजे, रोज सकाळी बघा, असं नर्सबाईंनी मला बजावलं होतं. त्या हंगामात माझी सकाळ अशीच सुरू व्हायची. आधी दादांच्या मनगटावर बोटं. मग अंगणात जाऊन गाडी सुरू करून तिच्या बॉनेटवर हात. दोन्हीकडे घरघर लागली की मगच मी तोंड धुवायची. दादा म्हणायचे, "काय मिस्त्री, चालू हाय का आमी?" मी म्हणायची, "आहात." ते "बरं" म्हणायचे, आणि त्या "बरं"मध्ये आनंद नसायचा. ते मला ऐकू येत होतं. पण ऐकायचं नव्हतं.

मग एका शुक्रवारी सकाळी ते तयारच झाले नाहीत. सदरा तसाच खुंटीला. आई चुलीशी पाठमोरी. मी म्हटलं, "दादा, आवरा, उशीर होतोय."

"मी न्हाई येत."

"म्हणजे?"

"त्या गाडीचा काय भरवसा हाय? हंगामाचा रस्ता. माज्यापायी तुजा जीव घालायचा का मी? बंद करू आता हे. लई झालं."

"बंद करू म्हणजे काय बंद करू?" मी ओरडलेच. "गाडी बंद पडते म्हणून तुम्ही बंद पडणार का?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी मी त्यांना कसं नेलं ते माझं मला माहीत. रडले, भांडले, सदरा त्यांच्या अंगात लहान मुलासारखा घातला. पण मला कळून चुकलं की आता प्रश्न गाडीचा राहिलेला नाही. गाडी दुरुस्त झाली नाही तर दादा मशीनवर जाणं सोडणार. आणि मशीन सोडलं की किती दिवस, हे विचारायचीही गरज नव्हती. त्या हंगामात माझ्या वडलांचा जीव त्या खटारा गाडीतल्या कुठल्या तरी न सापडणाऱ्या बिघाडाला बांधलेला होता. मी बॉनेट उघडून त्या काळ्या वायरींकडे बघायची आणि हात जोडायचे तेवढे बाकी ठेवायची.

त्यानंतरचा मंगळवार. संक्रांत होऊन गेली होती, उन्हाला जरा धार आली होती. परतताना करंजीचा घाट उतरलो आणि पुढे उसाची बैलगाडी. बैलगाडीच्या मागे मी सहसा थांबते. पण त्या दिवशी दादांचं बीपी खाली होतं, ते डोळे मिटून पडले होते, आणि मला लवकर पोचायचं होतं. पुढचा रस्ता मोकळा दिसला. मी उजवीकडे घेऊन गाडी काढली. बैलांच्या बरोबरीला आलो, आणि पायाखालची थरथर गेली.

गाणं चालू होतं. पंखा चालू होता. समोरच्या वळणातून भरलेला ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. मी रस्त्याच्या उजव्या बाजूला, बैलगाडी डावीकडे, स्टिअरिंग वळेना. भरल्या ट्रॉल्यांना ब्रेक लागत नाही हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. दादांचा आवाज आला, मी लहानपणी ऐकलेला, एसटीतला, भरदार आवाज: "ब्रेक मारू नको! जाऊ दे गाडी, बैलाच्या म्होरं डावीकडं वढ! दोनी हातानं!" मी ओढलं. गाडी होती त्या वेगावर बैलांच्या पुढे सरकली. ट्रॅक्टरवाल्याने आपलं पुढचं चाक साइडपट्टीवर उतरवलं. त्याची पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, आणि तिच्यातून बाहेर लोंबणारी उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी माझ्या दाराच्या काचेवरून करकरत गेली. शेवटपर्यंत. मग सगळं शांत झालं. मागून बैलगाडीवाला शिव्या देत होता आणि त्या मला अगदी गोड लागल्या.

मी किती वेळ स्टिअरिंग धरून बसले होते, माहीत नाही. दादांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. त्यांचा हात गार होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या बाजूच्या काचेकडे बघत होते. काचेवर हिरवट ओरखडे होते.

गाडी थोड्या वेळाने सुरू झाली. होणारच होती, बया. तिसगाव आलं. मी गॅरेजासमोर गाडी वळवली आणि किल्लीकडे हात नेला, तेवढ्यात दादा म्हणाले, "बंद करू नको."

"काय?"

"चालू ऱ्हाऊ दे. रफिक! इकडं ये. स्कॅनर घेऊन ये."

रफिकभाई हात पुसत आले. मागून पाण्याचे ग्लासही आले. "या दादा, बसा तर आधी. चहा सांगतो, चहा झाला की—"

"चहा नको."

मी दादांकडे बघितलं. रफिकभाईंनी बघितलं. टपरीवाल्याला हाक मारायला उघडलेलं त्यांचं तोंड तसंच राहिलं. मशीनच्या दिवशी, तिसगावात, माझ्या वडलांनी चहाला नको म्हटलं होतं.

"आदी गाडी बघ. गरम हाय तवर बघ," दादा म्हणाले. "तू दर टायमाला मला चहा पाजतो, तवर ही गार व्हती. गार झाली की हिला काय बी व्हत न्हाई. हिला गार व्हऊच देऊ नको आज."

रफिकभाईंनी कपाळावर हात मारला. मामाचा "गारठ्यात दाखवू" आठवून मला स्वतःच्या कपाळावर मारावंसं वाटलं. इतके आठवडे आम्ही पाहुणचारात बिघाड थंड करत होतो! स्कॅनर जोडला, गाडी उभ्या जागी रेस करत ठेवली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे. जन्मात पहिल्यांदा मी मनोमन म्हणत होते, बंद पड. पड ना बाई. आणि ती पडली. रफिकभाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खर्र खर्र फिरत होतं आणि स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा शून्य. "ह्ये बघा! इंजिन फिरतंय आन ही म्हन्ती फिरतच न्हाई. क्रँक सेन्सर." ते गाडीखाली वाकले. "पानी द्या कुणी तरी, गार करून बघू."

दादांच्या हातात पाहुण्याचा ग्लास होता. काठोकाठ भरलेला. ते तो नुसता धरून बसायचे नेहमी, प्यायचे नाहीत. त्यांनी तो पुढे केला. रफिकभाईंनी ते पाणी त्या बोटभर वस्तूवर हळूहळू ओतलं, थोडं थांबले, आणि किल्ली फिरवायला सांगितली. गाडी सुरू झाली.

इंजिनात एक जाड दांडा फिरत असतो. तो फिरतोय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणं, एवढंच त्या सेन्सरचं काम. तापला की तो गप्प बसायचा. मग कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन थांबलंय, आणि तो पेट्रोल तोडायचा, ठिणगी तोडायचा. म्हणजे इंजिन धडधाकट. फक्त ते चालू आहे हे सांगणारा गप्प झालेला. नवा सेन्सर तिसगावात नव्हता. दादांनी नगरला जुन्या दोस्ताला फोन लावला. त्याने दुकानातून घेऊन तो शेवगावच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिला. दुपारी एसटी गॅरेजासमोर करकचून थांबली, ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून दादांना सलाम ठोकला आणि खिशातून पुडी दिली. एक बोल्ट काढला, जुना ओढून काढला, जागा पुसली, नवा बसवला. झालं. एवढंसं काम. मी आधी हसले आणि मग पदर तोंडाला लावला.

"आता तरी चहा?" रफिकभाईंनी विचारलं.

"आता सांग," दादा म्हणाले. आणि तो अर्धा कप त्यांनी प्यायला, पण नेहमीसारखा हळू नाही. दोन घोटांत संपवला.

पुढचा रस्ता लागला. काटा जागेवर होता. ज्वारी निसवली होती, कोवळ्या कणसांवर संध्याकाळचं ऊन. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. इतकी वर्षं गाडी हाकलेला माणूस. शेजारी बसून माझा प्रत्येक गिअर मोजणारा माणूस.

"दादा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

त्यांनी काट्याकडे बघितलं. मग म्हणाले, "घाटात पैल्यांदा पडली तवाच. गाडी पळत हुती आन काटा पडला हुता. सेन्सर हाय का काय हाय, नाव न्हाई येत मला. पन तापल्यावर मरती, गार झाल्यावर उठती, येवढं कळत हुतं."

"आणि तुम्ही रफिकभाईंना फिल्टर बघायला सांगत होता."

"व्हय."

"का? का दादा?"

"गाडी नीट झाली आसती तर मला जावंच लागलं आसतं."

मी गाडी चालवत राहिले. दुसरं काय करणार? डोळे भरले तरी रस्ता बघावा लागतो. अमरापूरचा फाटा आला, तिथे ऊसतोडीवरून परतणाऱ्या टोळीचा टेम्पो वळत होता, म्हणून मी थांबले, आणि थांबल्यावर मला विचारता आलं. "मग आज का सांगितलंत?"

दादांनी पुन्हा माझ्या काचेकडे बघितलं. ओरखड्यांकडे.

"ट्रॅक्टर तुज्या बाजूनं आला," ते म्हणाले.

त्याला आता दोन हंगाम झाले. काच अजून तीच आहे. भाऊ म्हणतो बदलून घे. मी बघू म्हणते. दुसरा एक सेन्सर मी गाडीच्या खणात घेऊन ठेवलाय, आणि भीती काही गेलेली नाही. सकाळी अजून आधी मनगट, मग बॉनेट. दादा अजून थकतात, मशीनवरून उठल्यावर अजून कुढतात. एखाद्या शुक्रवारी सदऱ्याला हात घालायला वेळ लावतात. तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून वाट बघते. तेवढ्या वेळात माझं काय होतं ते माझं मला माहीत.

परवा ऊस दिसला त्या दिवशी परतताना तिसगावला थांबलो. गाडीला काही झालं नव्हतं, तरी थांबलो. रफिकभाईंनी खुर्च्या टाकल्या, ज्वारीचं विचारलं, टपरीवाला "आलो आलो" म्हणाला आणि आला नाही, मग आला. दादांनी अर्धा कप दोन्ही हातांत धरला, वास घेतला, हळूहळू प्यायला. समोरून ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागून एक. मला तिथून उठवत नव्हतं. आणखी थोडा वेळ बसू, असं वाटत होतं.

दादांनी रिकामा कप खुर्चीखाली ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि गाडीचं दार उघडून माझ्याकडे वळून म्हणाले, "चल वने, उशीर व्हतोय. शुक्करवारी परत यायचंय."